फौजदार येण्याआधी



रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या पिंपळे गुरवच्या गल्लीत दोन प्रकारची माणसे जागी असतात. एक, चाकणहून सेकंड शिफ्ट करून येणाऱ्या माणसाचे ताट झाकून बसलेली. आणि दुसरी, टी.व्ही.समोर बसलेली. आमच्या घरात ही दोन्ही कामे एकदमच चालतात. धाकट्या भावाची कंपनीची बस यायची असते, आमच्या मंडळींचा एक कान दाराकडे असतो आणि आई भिंतीला टेकून मालिकेतला खून पाहत असते. मी दिवसभर कारकुनी करून आणि संध्याकाळी विहारातली बैठक उरकून आलेला असतो. "झोपायच्या वेळेला कसले खून बघतेस गं आई?" असे मी म्हणतो आणि दहा मिनिटांत मीही तिच्याशेजारी बसलेला असतो. कबूल केलेले बरे!

गुन्ह्याच्या मालिका मराठी माणसाला नव्या नाहीत. दूरदर्शनच्या काळात 'एक शून्य शून्य' होती. पुढे १९९८ साली हिंदीत 'सी.आय.डी.' सुरू झाली आणि शिवाजी साटम यांचे ए.सी.पी. प्रद्युम्न घराघरांत पोहोचले. पण हे सगळे शहरातले पोलीस. गावातला गुन्हा आणि गावात येणारा पोलीस अधिकारी घेऊन जी मालिका आपल्या घरांत ठाण मांडून बसली ती 'देवमाणूस'. कोरोनाच्या वर्षी, ३१ ऑगस्ट २०२० ला ती झी मराठीवर सुरू झाली आणि वर्षभर चालली. २०२१ च्या डिसेंबरात दुसरा भाग आला आणि २०२५ च्या जूनमध्ये 'मधला अध्याय' म्हणून तिसरा. आईने यातले फार थोडे चुकवले असेल.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कातळवाडी नावाचे गाव. तिथे एक बोगस डॉक्टर. बोलायला गोड, अडल्यानडल्याला धावून जाणारा, म्हणून सारा गाव त्याला 'देवमाणूस' म्हणतो. किरण गायकवाड यांनी हे काम असे केले की आमची आई काही दिवस खऱ्या डॉक्टरकडेही संशयाने पाहू लागली होती. हा देवमाणूस एकट्यादुकट्या बाईला हेरतो, गोड बोलून तिचे दागिने-पैसे काढून घेतो आणि तिला संपवतो. पहिल्या भागात त्याच्या मागावर येते ती ए.सी.पी. दिव्या सिंग ही महिला अधिकारी, आणि दुसऱ्या भागात मिलिंद शिंदे यांनी रंगवलेला इन्स्पेक्टर मार्तंड जामकर. गाडी गावात शिरते, अधिकारी उतरतो, धागेदोरे जुळवू लागतो. आपण घरात बसून म्हणतो, आला बाबा एकदाचा, आता याची धडगत नाही.

येथे माझ्यातला कारकून जागा होतो. ए.सी.पी. हे पद पोलीस आयुक्तालयाच्या शहरात असते. आपल्या पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, म्हणून आपल्याकडे ए.सी.पी. आहेत. खेड्यात त्याच दर्जाचा अधिकारी म्हणजे पोलीस उपअधीक्षक, ज्याला आपण डी.वाय.एस.पी. म्हणतो. हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे असे पद आहे. का, ते पुढे सांगतो.

मालिका मनाने रचलेली असली तरी तिच्यामागे एक खरी घटना आहे. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात धोम म्हणून गाव आहे, धरणामुळे सर्वांना ठाऊक असलेले. २०१६ च्या जूनमध्ये वाईची एक अंगणवाडी कार्यकर्ती घरातून निघाली आणि बेपत्ता झाली. ऑगस्टमध्ये तिचा मृतदेह धोममध्ये जमिनीत पुरलेला सापडला. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडले. त्याच्यावर आरोप आला तो सहा माणसांच्या खुनाचा. त्यांत पाच बायका. आणि त्यातला पहिला खून २००३ सालचा!

वाचकहो, या सालांकडे पाहा. २००३ आणि २०१६. तेरा वर्षे. मालिका पाहताना आपल्याला नवल वाटते ते खुन्याच्या हुशारीचे. मला नवल वाटते ते या तेरा वर्षांचे. इतक्या वर्षांत एकेक माणूस नाहीसे होत गेले. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट पाहिली असेल. त्या प्रत्येकाची कागदावर 'हरवलेली व्यक्ती' एवढीच ओळख उरली. "गेली असेल कुठेतरी" हे तीन शब्द खुन्याला किती वर्षे पुरले!

एके रात्री मालिकेत असाच अधिकारी गाडीतून उतरला. आई एकदम म्हणाली, "आरं, पर ह्याला सांगितलं कुणी?"

मी म्हटले, "कुणाला?"

"ह्या फौजदाराला. आपसूक कळलं व्हय त्याला? सांगणारा कुठं हाय? त्याला न्हाई दावला."

आईने हे विचारायला कारण आहे. माझे आजोळ साताऱ्याकडचे. आईचे आजोबा गावचे वेसकर होते. आताच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मालिकांत गावचा कायदा म्हणजे पाटील आणि तालुक्याहून येणारा फौजदार. प्रत्यक्षात गावच्या वेशीवर रात्रभर जागायचे, परक्या माणसावर नजर ठेवायची, चोराचा माग काढायचा, सरकारी खजिना आणि टपाल पोहोचवायचे, ही कामे महाराच्या अंगावर होती. गावात खून पडला की तालुक्याला वर्दी द्यायला तोच पळे, आणि फौजदार येऊन पंचनामा होईपर्यंत प्रेताजवळ राखण बसे तोही तोच. आईने वडिलांकडून ऐकलेले आहे की तिचे आजोबा पावसात घोंगडी पांघरून दोन रात्री एका प्रेतापाशी बसले होते. साहेब आल्यावर त्यांच्या घोड्याच्या पुढे पळत वाट दाखवायची आणि पंचनाम्याच्या वेळी दूर उभे राहायचे. माग त्यांनी काढायचा आणि साक्ष मात्र इतरांची लिहायची!

या चाकरीला पगार नव्हता. वतनाचा जमिनीचा तुकडा आणि गावाने दिले तर बलुते. कामाला वेळेची मर्यादा नाही आणि बाप घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला पळावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. सरकारचे काम असेल तर सरकारने पगार द्यावा, ही साधी मागणी. त्या वेळी विधेयक पार पडले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने गावात पोलीस पाटील नेमला जाऊ लागला, तोही वंशाने नव्हे, तर अर्ज करून आणि निवड होऊन. आता त्या जागांवर आपल्या समाजातील बंधू-भगिनीही आहेत.

पण पद मिळाले म्हणजे भय गेले असे नाही. खैरलांजी आपण विसरलेलो नाही. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याच्या आधीचा प्रसंग मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसतो. त्याच महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला, जे आपल्यातलेच होते, मारहाण झाली होती. मारणारे कोण हे भोतमांगे घरातील मायलेकींनी पोलिसांना सांगितले. आरोपी पकडले गेले, जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी या घरावर चालून गेले. म्हणजे गावातल्या कायद्याच्या माणसावर हात पडला आणि ज्या दोघी खरे बोलल्या त्यांचे घर संपले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागला नाही.

दुसरे उदाहरण खर्ड्याचे. नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्या एका शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातून सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. टी.व्ही.वरच्या साहेबाने कितीही हुशारीने खुनी शोधला तरी कोर्टात उभे राहून "होय, मी पाहिले" म्हणणारा माणूस तो कुठून आणणार? तो गावातूनच यावा लागतो. आणि खटला संपल्यावर त्याला त्याच गावात राहायचे असते.

म्हणून माझी मालिकांबद्दल एक तक्रार आहे. 'देवमाणूस'मध्ये गाव छान उभा केला आहे. म्हणींवर म्हणी फेकणारी सरू आज्जी तर आमच्या आईची मैत्रीणच झाली होती. पण मी जे भाग पाहिले त्यांत या गावाला वस्ती दिसली नाही. कोण कुठल्या आळीचा, कोणाची फिर्याद लवकर लिहिली जाते आणि कोणाला ठाण्याबाहेरच्या झाडाखाली बसवतात, हे त्यात नाही. ज्या गावात सगळे सारखेच फसतात, असे गाव आपण पाहिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, आपण तर आता शहरात राहतो, पवनेच्या काठी फ्लॅट आणि चाळी झाल्या, आपल्याला काय त्याचे? तर आमच्याच गल्लीतला एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक बाई रात्री दोन लेकरे घेऊन आमच्या दारात आली. नवरा चाकणला कंत्राटी कामगार. सेकंड शिफ्टला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तरी घरी नाही, फोन बंद. ती एका पोलीस चौकीत जाऊन आली होती. तिथे तिला सांगितले, "चोवीस तास होऊ द्या. पिऊन पडला असेल कुठे, येईल." ती म्हणाली, "भाऊ, ते पीत नाहीत हो." ती पुन्हा पुन्हा हेच सांगत होती, जणू पिणारा माणूस असता तर शोधायची गरज नव्हती.

मी कागद घेतला. नाव, वय, उंची, अंगावरचा शर्ट, डाव्या मनगटावर 'जयभीम' गोंदलेले, दुचाकीचा नंबर, कंपनीतून निघाल्याची वेळ, सारे लिहिले. दोन प्रती केल्या. मंडळातले दोघे आणि आमच्या मंडळी सोबत आल्या, कारण बाईबरोबर बाई असावी. आवाज चढवला नाही. एवढेच म्हटले, "साहेब, नोंद करून घ्या आणि या प्रतीवर शिक्का, तारीख, सही द्या." थोडी कुरकुर झाली, पण नोंद झाली. तिसऱ्या दिवशी त्या वर्णनावरून पत्ता लागला. महामार्गावर अपघात होऊन तो बेशुद्ध अवस्थेत एका रुग्णालयात 'अनोळखी इसम' म्हणून दाखल होता. मनगटावरच्या गोंदणावरून ओळख पटली. तो वाचला. आज पाय ओढत का होईना कामावर जातो. नोंद आणखी चार दिवस उशिरा झाली असती तर काय, हा विचार त्याच्या बायकोने मला बोलून दाखवला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

म्हणून काही गोष्टी घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवाव्यात.

माणूस हरवला तर चोवीस तास थांबा, असा कोणताही कायदा नाही. लगेच नोंद करता येते. हरवलेले मूल अठरा वर्षांखालचे असेल तर अपहरण धरून गुन्हाच नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफ.आय.आर. लिहून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफ.आय.आर. म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, हेही ठाऊक असावे. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नये. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे आणि आयुक्तालयात उपायुक्तांकडे पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात एफ.आय.आर.पूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास डी.वाय.एस.पी.च्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असा १९९५ चा नियम आहे. ते पद ध्यानात ठेवा म्हटले ते यासाठी. जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितली आहे. आणि २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ प्रमाणे पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि तपासाची माहिती मिळण्याचा हक्क आहे. "साक्ष द्यायला गेलो तर रोज बुडतो" म्हणणाऱ्या आपल्या मजूर बांधवांना हे कुणी सांगतच नाही. ते सांगण्याचे काम प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने करावे.

आता शेवटची गोष्ट. माझी पुतणी पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे मैदानावर ८०० मीटर धावते आणि रात्री गणित-बुद्धिमत्तेची पुस्तके घेऊन बसते. तिने मला मोबाईलवर 'दहाड' ही हिंदी मालिका दाखवली. ती १२ मे २०२३ ला आली. राजस्थानातल्या लहान गावच्या ठाण्यात अंजली भाटी ही दलित महिला सब-इन्स्पेक्टर, हे काम सोनाक्षी सिन्हा यांनी केले आहे. बापाने जात झाकण्यासाठी मेघवाल हे आडनाव बदललेले. ती शेजारून गेली की ठाण्यातलाच एक जण उदबत्ती लावतो! आणि गोष्ट सुरू होते ती एका गरीब दलित भावापासून. त्याची बहीण बेपत्ता आहे आणि त्याची तक्रार कुणी मनावर घेत नाही. तिथून पुढे कितीतरी बायकांच्या खुनांचा माग लागतो. शेवटी अंजली आपले मूळ आडनाव परत घेते.

मालिका संपल्यावर पुतणी जरा गप्प होती. मग म्हणाली, "तात्या, मी ठाण्यात बसले तर माझ्यापुढेपण कुणी उदबत्ती लावील का हो?"

मला पटकन बोलता येईना. खोटे सांगवत नव्हते आणि धावणाऱ्या पोरीचे पाय ओढायचेही नव्हते. तेवढ्यात आईच बोलली. "लावू दे की! वास चांगला येतो. तू त्या पोरीच्या भावाची तक्रार लिहून घे, म्हंजे झालं."

भरतीची जाहिरात निघाली की आपल्या मुलामुलींचे अर्ज वेळेत भरून द्यावेत. जातीचा दाखला, रहिवासी दाखला आधीच काढून ठेवावा, ऐन वेळी धावपळ नको. ज्यांना कागदपत्रांत अडचण असेल त्यांनी रविवारी सकाळी आपल्या जवळच्या विहारात यावे. आमच्याकडे पिंपळे गुरवला तर मी असतोच.

जयभीम.